दुमड

शाळा सहाशे वर्षांची, असं दारावरचा दगड म्हणतो.
मी इथली एकोणतीस वर्षांची.
शिवणखोली घंटेच्या बरोबर खाली,
दर पाव तासाला टाचण्यांची डबी थरथरते
आणि मी टाका चुकवत नाही.

गाणारी मुलं चौपन्न. काळे झगे चौपन्न.
मुलं जातात, झगे राहतात.
कॉलरीच्या आत नावाची पट्टी शिवायची,
जुनी उसवायची नाही, तिच्यावरच नवी.
माझ्या आधीच्या बाईचा हा नियम,
कारण विचारलं तर ती म्हणाली, दोरा वाचतो.

सतरा नंबरात नऊ नावं आहेत.
मानेला टोचतं, मुलं कुरकुरतात.
सगळ्यात खालचा रुप्रेख्ट युद्धातून परत आला नाही.
त्याच्या वरचा आला,
आता गावात ट्राम चालवतो,
मी दिसले की घंटी दोनदा वाजवतो,
गात मात्र नाही.

ऑगस्टच्या शेवटी मुलांना स्टुलावर उभं करते.
माझ्या तोंडात टाचण्या, म्हणून बोलतात तीच.
कुणाच्या आईने दुसरं लग्न केलं,
कुणी एल्ब नदी पोहून आलं, खोटं.
मी फक्त खालची दुमड सोडते.
दर झग्यात चार बोटं कापड आत राखलेलं असतं,
बोट बोट करत संपतं.
दुमडीत काही उरलं नाही
की महिन्याभरात आवाज फुटतो.
डॉक्टर काहीही म्हणोत,
माझा हिशेब अजून चुकलेला नाही.

कांटोर लुडेकेंना हे ठाऊक आहे.
नाताळचं एकट्याचं गाणं कुणाला द्यायचं
हे ठरवण्याआधी ते तुटलेलं बटण घेऊन येतात.
दर वर्षी तेच बटण, असा मला संशय आहे.
खिडकीबाहेर बघत विचारतात,
"वुन्शेची दुमड किती उरली, फ्राउ केगेल?"

टिलो वुन्शे. सतरा नंबर.
आदल्याच संध्याकाळी एकटा येऊन गेला होता.
झगा पोटऱ्यांवर चढलेला, मोजे घसरलेले.
"सोडू नका," म्हणाला, "राहू दे आखूड."
एवढं बोलताना दोनदा खाकरला.
बाप कोळशाच्या खाणीत,
बारा वर्षांत पहिल्यांदा चोवीस तारखेची सुट्टी मिळाली होती त्याला.

"दोन बोटं," मी सांगितलं.
होतं एक. तेही न सोडलेलं.

चोवीसला मी खांबामागे उभी होते,
एप्रनला सुई टोचलेली, सवयीने.
टिलो गायला.
पहिल्या दोन ओळी तर अशा, की मला वाटलं
हिशेब या वेळी माझाच चुकला.
मग वरचा स्वर आला आणि तिथे काहीच नव्हतं.
अंधारात जिना संपलेला असावा
आणि पायाने आणखी एक पायरी शोधावी, तसं.
कांटोरांचा हात हवेतच.

शेजारच्या योस्टने तो स्वर उचलला.
नऊ वर्षांचा, दात पडलेला योस्ट,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
त्याने टिलोकडे पाहिलंही नाही,
रांगेतलं एक डोकं वळलं नाही.
ओठ टिलोचे हलत राहिले, गाणं योस्टचं.
बाहेर पडताना म्हाताऱ्या म्हणत होत्या,
यंदा दोन आवाजांत बसवलंय, छान बसवलंय.
टिलोचा बाप टोपी हातात घेऊन बर्फात उभा,
तो काहीच म्हणाला नाही,
पोराच्या उघड्या पोटऱ्यांकडे बघत राहिला.

जानेवारीत कांटोर आले. बटण टेबलावर ठेवलं.
"दोन बोटं, फ्राउ केगेल?"
"माझी बोटं बारीक आहेत," मी म्हटलं.
ते बटण न घेताच गेले.

आज सतरा नंबर धुऊन आला.
टिलोच्या नावावर योस्टची पट्टी शिवली, दहावी.
खाली चार बोटं कापड पुन्हा आत घेतलं.
जुन्या दुमडींच्या रेघा दिसतात त्यावर,
एकीखाली एक.
इस्त्री फिरवून पाहिली. जात नाहीत.