हातचा

पुलावरची रांग कोणत्या बाजूची आहे
एवढं बघितलं की बाबांना दर कळायचा.
पोसादासची माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन येत असतील
तर पेसो चढा.
आमच्या एन्कार्नासिओनची पेट्रोलचे कॅन घेऊन
तिकडे निघाली असतील
तर पडला.
मधली पाराना नदी कुणासाठी वळत नसे.

वही मेणकापडात गुंडाळलेली.
रोज एक तारीख, एक दर,
उरलेल्या जागेत काय असेल ते:
'पूर. स्टूल वर नेलं.'
'एउलोहियाची दाढ काढली. रडली नाही.'
'पेसोला दोन हजार गुआरानी. पोसादासचे लोक
भाव न विचारता घेतात. हे फार दिवस चालायचं नाही.'

पलीकडच्यांनी चारदा शून्यं छाटली.
आधी दोन, मग चार, मग तीन, पुन्हा चार.
नोटेला दर वेळी नवं नाव, नवा चेहरा,
बारशाला आलेल्यांसारखी आम्ही ती उलटून पालटून बघायचो.
आमचा गुआरानी त्रेचाळीस सालापासून तोच.
पाव घ्यायला हजारांनी मोजायचा,
पण एक शून्य कधी खाली ठेवलं नाही त्यानं.
'तेरा शून्यं गेली कुठे?' मी लहानपणी विचारलं.
बाबांनी बोट दुमडून दाखवलं:
'हातचा. कागदावर दिसत नाही,
कुणाच्या तरी बोटावर असतो.'

निकासिया मावशी पलीकडे दिलेली.
पूल नव्हता तेव्हा, लाँच होती.
पेसो चढला की ती यायची,
जेवणाचे पैसे तीच द्यायची
आणि मोठ्यानं बोलायची.
पडला की आई जायची,
आणि आई मोठ्यानं बोलायची.

अठ्ठ्याऐंशीच्या गारपिटीत मावशीचं छप्पर गेलं.
आईनं बावीस पत्र्यांचे पैसे दिले,
बाबांनी त्या दिवशीच्या दरानं
त्याचे ऑस्त्राल करून दिले.
वर्षभरानं मावशीनं परत केले
मोजून तेवढेच ऑस्त्राल,
रबर लावलेले, एक नोट कमी नाही.
तेवढ्यात तोवर अर्धा पत्रा येत नव्हता.
आई म्हणाली, मी छप्पर दिलं होतं.
मावशी म्हणाली, मी आकडा घेतला होता.
दोघी खऱ्या.
पुढच्या वर्षी पूल झाला,
आणि दोघींनी तो तीस वर्षं
वेगवेगळ्या दिवशी ओलांडला.

खालची पेठ आता पाण्यात आहे.
धरणानं नदी फुगवली.
बाबांचं स्टूल जिथे असायचं
त्याच्यावरून उन्हाळ्यात पोसादासची पोरं पोहतात.
मी वरच्या पेठेत बसते,
दर फोनवर येतो, नाक शिंकरेपर्यंत बदलतो.
परवा पेसोला सात गुआरानी होते.
सात.
एका म्हाताऱ्यानं थैलीभर पेसो टेबलावर ओतले,
मी मोजले नाहीत, वजन केलं,
आणि तो मुकाट्यानं काट्याकडे बघत राहिला.

बाबा गेल्यावर वही उघडली.
जुलै एकोणनव्वद. दराची जागा कोरी.
'आज कुणालाच भाव सांगता येत नाही.'
त्याखाली, बारीक अक्षरात, पेन्सिलीनं:
'निकासियाचे आले. बावीस पत्रे. फिटले.'

आईला वाचून दाखवलं.
तेरेरेचा पेला तिनं गुडघ्यावर टेकवला.
बर्फ हलला.
'फिटले? कोणत्या दरानं?'
'लिहिलेलं नाही.'
'आणि मला सांगितलंही नाही मेल्यानं.'
बराच वेळ ती नदीच्या बाजूला बघत होती.
पेल्याभोवती चार बोटं होती,
एक दुमडलेलं.
मग माझ्याकडे न बघता म्हणाली,
'पुलावर आज रांग कुठल्या बाजूला आहे गं?'