रस्त्यात ताणा

बावीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले.
तांडापेठ, नाईक तलाव, लालगंज,
कोणत्या जिन्याखाली कोणाचं मीटर,
कुठलं कुत्रं बांधलेलं, कुठलं मोकळं,
अजून डोळे मिटून सांगेन.
म्हणून वाटलं, पणजोबा सापडायला
असा काय वेळ लागतो.

रेकॉर्ड रूमच्या बाईंनी शहराची डिरेक्टरी काढून दिली. १९२९.
पाठीवर वाळवीची नक्षी,
पानं पापडासारखी मोडणारी.
“हळू,” त्या म्हणाल्या, “तुमच्यापेक्षा म्हातारी आहे ती.”

रस्त्यावार घरं. उजवीकडे विषम, डावीकडे सम.
वकील. सराफ. छत्र्या दुरुस्त करणारा.
डॉक्टर, सकाळी आठ ते अकरा.
सोडावॉटरचा कारखाना.
मग गल्ली लागली, तशी नावं पातळ झाली.
घर नंबर ३१, मालक गोविंदलाल पन्नालाल, राहणार इतर.
३२, इतर.
३३ ते ४०, कोष्टी वगैरे.

त्या ‘वगैरे’वर मी बोट ठेवलं
आणि बराच वेळ उचललं नाही.

आत्याला विचारलं होतं निघताना.
“आपलं घर? कोंडवाड्यासमोर नाही का.
पिंपळ आहे ना तिथी, नाही, तो पडला.
नळ आहे, तो बी नाही आता.
चणेवाल्या भैय्याच्या दुकानावरून आत शिरलं का
खळीचा वास येते ना बाप्पा, तिथीसाच.”

वासाला नंबर नव्हता डिरेक्टरीत.

मग शेजारी शोधत बसलो.
कोंडवाडा सापडला, शिपाई एक.
भैय्या सापडला, शिवबरन, चणे-फुटाणे,
१९२९ला घर २७, १९३३ला २९, १९३८ला नाहीच.
तीन डिरेक्टऱ्या टेबलावर उघड्या टाकून
तीन साली तीच गल्ली एकावर एक ठेवली
तेव्हा उमगलं, नंबर दोनदा बदललेत.
ज्याला मी आठवडाभर आमचं घर समजून
मनातल्या मनात नमस्कार करत होतो
तो गिरणीच्या मुकादमाचा संडास निघाला.

बाई हसल्या नाहीत.
आपणहून एक बाड आणून आपटलं.
धूळ. दंडाची वही, १९३४.
“हे बघा आता. डिरेक्टरीत पैसेवाले.”

कोंबड्या मोकाट. नालीत राख.
विनापरवाना म्हैस.
शिपायास शिवीगाळ.
आणि वळणदार बाळबोधीत, निळसर शाईत,

ठगाबाई जोजे कवडू धकाते, कोंडवाडा गल्ली,
सार्वजनिक रस्त्यात ताणा घालून रहदारीस अडथळा.
दंड चार आणे.

मी शोधत होतो कवडूला.
हिचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.
आत्याही ‘म्हातारी’च म्हणायची.

पहाटे, या खांबापासून त्या खांबापर्यंत सूत,
गल्लीएवढं लांब, खळ पाजलेलं, ओलं,
आणि ही हातात कुंचा घेऊन
या टोकाकडून त्या टोकाला,
पुन्हा परत.
उजवीकडे विषम घरं, डावीकडे सम,
मधे ती.
डिरेक्टरीवाला कारकून दारं मोजत
ताण्याखालून वाकूनच गेला असणार.
तिनं त्याला वर बघून पाहिलं असेल का?
सूत तुटलं तर सगळं मुसळ केरात,
नसेलच पाहिलं.

पुढच्या पानावर, नऊ दिवसांनी, पुन्हा तीच.
तोच गुन्हा. आठ आणे.
शेरा : समज दिली. ऐकत नाही.

झेरॉक्सचे दोन रुपये दिले,
बाईंनी पावती फाडली, माझं नाव विचारलं,
पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

आत्याला वाचून दाखवलं संध्याकाळी.
नव्वदीची बाई, एका कानानं ऐकते.
‘ऐकत नाही’ला मान हलवली,
मग बराच वेळ सुपारी कातरत बसली.
“भरले का मंग तिनं?”

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
वसूल रकमेचा रकाना
दोन्ही ठिकाणी
कोरा आहे.