सारखी तीन मापं

बर्फ आदल्या रात्रीच लावायचा, बाबा सांगतात,
दह्याच्या रिकाम्या डब्यात, एकच मोठी ढेप.
बारीक खड्यांना विरघळायची फार घाई,
आणि घाईचं पेय रस्त्याकडेच्या बारमध्ये मिळतं.

माप म्हणजे उकडलेलं अंडं ठेवायची वाटी,
चिनी मातीची, कडेचा टवका उडालेली.
जिन एक वाटी,
फ्रीजरमधून, मटारच्या पिशवीखालून काढलेली,
तेलासारखी सावकाश उतरणारी.
गोड व्हरमूथ एक वाटी. ती बाटली फ्रिजच्या दारात,
दुधाला खेटून,
वाइनच ती शेवटी, बाहेर राहिली की रुसते.
आणि तो लाल कडू अर्क,
तोही एकच वाटी.
हात सैल सोडायचा नाही. कितीही प्रेम आलं तरी.

बाहेर बोरा सुटलाय.
त्रिएस्तेत या वाऱ्याला आम्ही नुसतं नावानं हाक मारतो,
घरातल्या वांड पोरासारखं.
चौथ्या मजल्यावर खिडक्यांच्या झडपा
दात वाजवतायत.

बाबा चमच्यानं ढवळतात. चाळीस वेळा, मोजून.
एकतीस वर्षं बंदरात क्रेन चालवलेला हात:
कंटेनर जहाजावर असा टेकवायचा
की खाली उभ्या माणसाच्या सिगारेटची राख पडू नये.

मार्चमध्ये डॉक्टर फुर्लान बाईंनी
त्यांच्या यकृताचा कागद टेबलावर सरकवला.
"नेव्हिओ, आता थेंबही नाही."
बाबांनी टोपी उचलली, जिना उतरले,
वाटेत संत्री घेतली. अर्धा किलो.

तेव्हापासून दर रविवारी एकच ग्लास होतो.
आईसाठी.

माझी आई, लिचिया,
कॉफीत तीन चमचे साखर घालणारी,
कडसर पाल्याची कोशिंबीर उभ्या जन्मात
ताटाच्या कडेला सारत आलेली.
मला वाटायचं, बाबांची पाठ वळली की
ती ग्लास जिरेनियमच्या कुंडीत रिकामा करत असणार.
कुंडीची माती मी बोटानं उकरून, हुंगून पाहिली आहे,
हे कबूल करते.
मातीला मातीचाच वास होता.

मग आज दाराआडून बघत राहिले.

बाबांनी संत्र्याची साल काढली, पातळ,
आतला पांढरा पापुद्रा अजिबात नको म्हणून
सुरी जवळजवळ आडवी धरून.
ग्लासावर ती पिळली.
दिव्याच्या उजेडात तेलाचा बारीक तुषार
क्षणभर दिसला. मग नाही.

आईनं घोट घेतला.
एक डोळा मिटला, हनुवटीला सुरकुत्या पडल्या,
लिंबू चाटलेल्या तान्ह्या बाळासारखं तोंड झालं.

"कशी?"
"कडू."
"नुसती कडू?"
तिनं पुन्हा घोट घेतला, या वेळी जिभेवर धरून ठेवला,
शिवणाची सुई ओठांत धरावी तसा.
"आधी गोड. मग संत्रं. मग तुझा तो लाल दुष्टपणा.
आणि अगदी शेवटी, थांब,
जंगलात पाऊल टाकल्यासारखं काहीतरी."
"ज्युनिपर," बाबा म्हणाले.
डोळे मिटलेले होते त्यांचे.
"पुढे सांग."

ती सांगत राहिली. ग्लास संपायला पाऊण तास लागला.
बाबांची दोन बोटं, साल पिळलेली,
तेवढा वेळ नाकाजवळच होती.

नंतर वाटी मी धुतली.
टवक्यात लाल रंग बसलाय, कितीही घासा, निघत नाही.