जडसंग्रह नोंदवही

एकतीस मे. शाळेला सुट्टी.
मुल्ला सर आज साडेपाचला निवृत्त होतायत,
त्यांच्या जागी कुणी येणार नाही,
पद गोठवलंय म्हणे.
म्हणून चित्रकलेची मी
क्रीडा विभागाचा चार्ज घ्यायला
जिन्याखालच्या खोलीत वाकून शिरले.
वही माझ्या हातात, टॉर्च त्यांच्या.

"लेझीम, चोवीस."
"एकवीस. तीन पोरांच्या घरात हाईत.
मिरवणूक आली की आपोआप वाजत येत्यात."

"डंबेल्स, लाकडी, साठ."
ते मोजत नाहीत, पोत्यावर नुसता हात ठेवतात.
निम्मी वाळवीनं आधीच मोजलीत.

"बिगुल, पितळी, एक."
सदऱ्याच्या टोकानं त्याचं तोंड पुसतात.
"एमसीसीत एकच पोरगं वाजवायचं, घुणक्याचा बाजीराव.
आता शिरोलीत फौंड्रीत हाय.
परवा भेटला, मोठ्यानं बोलत हुता.
म्हटलं, कानाचं बघ बाबा आधी."

कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे.
मी दचकते. ते हसतात.
"सांगाडा विज्ञानाचा. गॅदरिंगला नाटकात घेतला,
उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, तवापास्नं हिथंच राहिलाय.
जाईना म्हणतो लॅबमधी."
त्याच्या गळ्यात अजून झेंडूच्या माळेचा दोरा.

मला हे सगळं स्थिरचित्र दिसतं.
एलिमेंटरीच्या पोरांना मांडून द्यावं असं:
मागं उंच बिगुल, पुढं डंबेल,
उजेड डावीकडून, सावली गडद, फोर-बी.
सरांना यातलं काहीच स्थिर दिसत नाही.
प्रत्येक वस्तूला एक पोरगं चिकटलेलं,
आणि ते पळतंय.

"फुटबॉल, पाच नंबर, बारा."
"अकरा."
"आणि एक?"

टॉर्च खाली जमिनीकडं होतो.
"पुराच्या सालात ही शाळा छावणी हुती.
वरच्या हॉलात चिखलीची माणसं, म्हशी खाली मैदानात.
एक पोरगी हुती, पाचवीतली असंल.
उशाला बॉल घेऊन झोपायची.
पाणी उतरलं, टेंपो आला,
तिनं तो भांड्यांच्या पोत्यात घातला.
मी बघितलं.
मग काय, फळा पुसाय वळलो."

फळ्यावर काही लिहिलेलं होतं का, मी विचारत नाही.

शेऱ्याच्या रकान्यात, दरवर्षी, त्याच निळ्या शाईत:
शोध चालू आहे.
शोध चालू आहे.
शोध चालू आहे.
एका ऑडिटरनं लाल पेननं विचारलंय, कुठवर?
खाली उत्तर, तारखेसह:
प्रयाग चिखलीपर्यंत.

मी सही करते. बारावर की अकरावर,
ते वहीला माहीत.

कुलूप, दोन किल्ल्या, पंपाची सुई.
शिट्टी मात्र ते खिशात टाकतात.
"ही नोंदीत न्हाई. माझी हाय."

पंधरा जूनला नववी ब दारात उभी राहील,
बाई, ड्रॉइंग का पीटी?
मी म्हणते, सर, जायच्या आधी एक सांगा,
ऑफसाइड म्हणजे नेमकं काय?
या गावात हा प्रश्न विचारायला
फार धीर लागतो.
पेठेतलं शेंबडं पोरगंही हसेल.

ते हसत नाहीत.
खाली बसतात, गुडघा कटकन वाजतो,
खिशातला खडू काढून फरशीवर मैदान आखतात.
गोलपोस्ट तिरका, वर्तुळ बटाट्यासारखं,
बचावपटू नुसत्या फुल्या.
"ही आपली पोरगी. बॉल अजून हिथं, मागं.
आता ही कुणाच्या पुढं हाय, तेवढंच बघायचं.
बॉल सुटायच्या आधी बघायचं.
सुटल्यावर सगळ्यास्नीच दिसतंय."

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रेघा सरळ केल्या.
हात आजही पुढं गेला होता.

साडेपाच झाले. ते उठतात, खडू मला देतात.
"ह्यो लिवा वहीत," म्हणतात.
"खडू, पांढरा, अर्धा."