अर्थिंग

आधी बॅटरीचं काळं टोक काढायचं, लाल नंतर.
देवरुखच्या आयटीआयत शिगवण सर हे
हातावर फूटपट्टी मारून शिकवायचे.
इथं शुवैखमध्ये
पाना उन्हात राहिला तर तोच शिकवतो.

फव्वाजची लँडक्रूझर कण्हत आली.
ॲक्सिलरेटर दाबला की डिकीतून बारीक कळ,
गाणं बंद केलं तरी.
दुसऱ्या कुणी बसवलेले बारा इंची दोन सबवूफर,
पेटीला निळं लेदर,
ॲम्प्लिफायरवर सोनेरी अक्षरं,
आणि काळी वायर
सीटच्या बोल्टला, रंगावरच आवळलेली.

मी शाजीला म्हटलं, अर्थ लागलेला नाही.
फव्वाजला वाटलं अरबी बोलतोय.
अर्द? त्यानं विचारलं.
हो, म्हटलं, अर्द. जमीन.
तीच लागलेली नाही तुझ्या गाडीला.
तो हसला. जमीन त्याच्या आजोबांच्या नावावर आहे,
चार गल्ल्या सोडून.
माझ्या पाठीखाली पुठ्ठा होता,
वॉशिंग मशीनच्या खोक्याचा.

पॉलिश पेपरनं घासत गेलो.
पांढरा रंग, मग करडा प्रायमर,
मग पत्रा, उघडा, लखलखीत.
तिथं रिंग, वॉशर, नट.
वायर हातभर, त्याहून लांब नको.
अर्थ जितका जवळ तितका बरा, सर म्हणायचे,
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं होतं,
हे मराठीच्या बाईंना सांगा.
सर हसले नव्हते. मीही तेव्हा हसलो.

मग पेन्सिल सेल लावून बघितलं.
एका सबवूफरचा कोन पुढं आला,
दुसरा मागं गेला. उलटा जोडलेला.
दोघं जीव तोडून राबणार,
आणि डिकीत सामसूम.
अशी दोन माणसं मी एका घरात बघितली आहेत.
असो. प्लस-मायनस बदलून घेतलं.

फव्वाज करक चहा आणायला गेला.
टेस्टिंगसाठी माझा मोबाइल जोडला,
तर गाण्याऐवजी
आपोआप कुंदाचा मेसेज सुरू झाला,
तीन मिनिटं बारा सेकंद.
दारांचे स्पीकर सुटेच होते.
ऐंशी हर्ट्झच्या वरचं सगळं
मी ॲम्प्लिफायरवर अडवलेलं.
म्हणजे ती काय बोलते ते त्या पेटीला ऐकूच येत नव्हतं.
शाळेची फी, शेजाऱ्यांची बोरिंग,
सगळं बरं आहे, काळजी करू नका,
गाळून गेलं.

खाली उरलं ते असं:
दार लोटल्याचा एक ठोका.
थांबून दुसरा.
रस्त्यावरनं गेलेला चिऱ्याचा ट्रक.
मग काहीतरी जड, फरशीवरनं सरकवलेलं,
एकटीनं, अडत अडत,
थोडं, पुन्हा थोडं.
कपाट असेल. नाहीतर माझ्या आईची खाट.

हा मेसेज मी पाच वेळा ऐकलेला.
फोनवर त्यात हे नव्हतं.
मी मागच्या सीटला टेकून बसलो होतो,
ते मणक्यातून वर आलं.

आवाज येतोय का? शाजीनं बाहेरून विचारलं.
म्हटलं, कण्हणं गेलंय.

फव्वाज आला, त्यानं त्याचं गाणं लावलं.
छपराचे पत्रे, नंबर प्लेट, चहाचे कागदी कप,
सगळे थरथरायला लागले.
अर्द तमाम? त्यानं विचारलं.
तमाम, म्हटलं,
आणि त्याचं लक्ष नसताना गेन जरा कमी केला.

रात्री खोलीवरून फोन लावला.
विचारलं, परवा काय सरकवत होतीस?
ती म्हणाली, कधी?