जाणारा सर्व्हर

येणारा सर्व्हर लागला पहिल्याच झटक्यात.
पोर्ट नऊशे त्र्याण्णव, खाली हिरवी खूण,
आणि फोन टेबलावर थरथरत सुटला
पौषात गार पाण्यानं आंघोळ घातलेल्या पोरासारखा.
एक हजार चारशे बारा मेल.
बिलं, बिलांच्या पावत्या, मला लागलेल्या
आणि मला न कळलेल्या तीन लॉटऱ्या.

बिटको चौकात रस्ता खोदला तेव्हा तार तुटली
ती तुटलीच. संगणक भंगारात गेला.
तरी गोदानेटचे महिन्याचे एकशे नव्याण्णव
मी भरत आलो सहा वर्षं,
तेवढ्या एका पत्त्यासाठी.
सुकन्या म्हणते, बाबा, पत्ता फुकटात मिळतो हल्ली.
मिळतो.
पण तो मन्साराम खैरनारला माहीत नाही.

मन्साराम देवासला बदलून गेला त्याआधीच
मशिननं त्याचे कान नेले होते.
फोनवर तो फक्त "हां, हां" म्हणतो,
समोर कोण आहे ते न कळता.
म्हणून आम्ही मेलवर बुद्धिबळ खेळायचो.
एक चाल, खाली एक शिवी,
सणावाराला दोन.

पासवर्ड सापडला वीजबिलाच्या पाठीवर:
माझ्या जुन्या लूनाचा नंबर, पुढे तारका.
आणि त्या चौदाशे बारांच्या तळाशी
तो बसलेला, सहा वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी:
*घोडा एफ पाच. आता बोल.*

बोललो. उंटानं घोडा मारला.
"पाठवता आले नाही. पुन्हा प्रयत्न करा."
केला.
जेवण झाल्यावर केला.
गच्चीवर जाऊन, फोन मुक्तिधामच्या दिशेला धरून केला,
शेजारचा सोनू हसला तरी केला.
माझा उंट आउटबॉक्समध्ये
मान वर करून बसलेला.

आकडा माझा चुकणार नाही, हे मी लिहून देतो.
तीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे नंबर तपासले.
एक अंक इकडचा तिकडे
की अख्खी शीट बाजूला.
चारशे पासष्ट म्हणजे चारशे पासष्ट.
भिंगातून पाहिलं. बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी रिक्षानं दत्तमंदिरला गेलो.
गोदानेटच्या काउंटरवर दिंडोरकर नावाची मुलगी,
डबा खात होती, भेंडीचा हात रुमालाला पुसून
फोन घेतला तिनं.
"काका, येणाऱ्याला पासवर्ड दिलात,
जाणाऱ्याला दिलाच नाहीत.
जातानाही ओळख पटवावी लागते."

मी गप्प.
प्रेसच्या गेटवर आत जाताना नुसता बिल्ला दाखवायचा,
झडती व्हायची ती बाहेर पडताना.
बूट काढा, डबा उघडा, पोळीखाली काय आहे?
तीस वर्षं रोज संध्याकाळी हात वर करून उभा राहिलो
आणि हे मला सुचू नये!

तिनं एका चौकोनात टिक केली.
फोनमधून सुर्रकन आवाज आला,
तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा.
"गेला," ती म्हणाली, आणि परत डब्याकडे वळली.

घरी आलो. कपाटावरून पट काढला,
जुन्या मेल बघत बघत सत्तावीस चाली मांडल्या.
काळं एक प्यादं कमी,
तिथं शर्टाचं बटण.
मांडून होईतो फोन वाजला.
मला वाटलं, लॉटरी.

*गायधनी, सहा वर्षं विचार केलास
आणि ही चाल?
वजीर सांभाळ, गाढवा.*

चहा गार झालाय.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहतोय:
बटण, हत्ती, त्याचा उरलेला घोडा.
खरंच अडकलाय वजीर.