डावा बॅक

एकतीस वर्षं चादरी तपासल्या मी
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, फोल्डिंग खात्यात.
चादर आधी उलटी करायची.
समोरून मोर कुणाचाही नाचतो.
तुटलेला बाणा, चुकलेली गाठ, तेलाचं बोट
मागच्या बाजूला सापडतं.

आता संध्याकाळी क्लबासाठी पोरं बघतो,
तशीच, उलटी.
चेंडू ज्याच्या पायात असतो
त्याच्याकडे बघतच नाही.

अध्यक्ष म्हणाले, कोल्हापूरचा एक स्ट्रायकर आणू,
नाव आहे त्याचं, माणसं जमतील.
मी वही उघडली.
गेल्या हंगामात खाल्लेले गोल बावीस,
त्यातले चौदा डावीकडून.
शिल्लक साडेअठरा हजार
आणि तीनदा शिवलेलं एक जाळं.
अध्यक्ष बराच वेळ
रिकाम्या कपात बघत बसले.

पुण्याचा भाचा लॅपटॉपवर हे सगळं करतो.
म्हणाला, मामा, गोल नको मोजूस,
चेंडू गेल्यावर पोरगं पहिली पाच पावलं
कुठं टाकतं ते मोज.
त्याला ते तक्त्यातून कळलं होतं.
मला बंडप्पा हत्तुरे जॉबरनं
सत्त्याऐंशी सालीच सांगितलं होतं:
माग चालू असताना कापड बघ,
माग थांबला की माणूस.

श्रीहरी चिप्पा.
विडी घरकुलाच्या मैदानावर चारदा बघितला.
एकदा मे महिन्यात, साडेतीनच्या उन्हात,
मैदानाचा तवा झालेला,
आणि हा रेषेवरून वर-खाली, वर-खाली,
धोटा जावा-यावा तसा.
एकदा चार-शून्यनं हरताना.
कुणावर ओरडला नाही,
फक्त गोलकीपरला पाणी नेऊन दिलं.
एकदा त्याचा मामा बघायला आला होता.
त्या दिवशी उगाच नाचला, तीन पास चुकवले.
तेही लिहिलंय.
चौथ्यांदा मलाच उशीर झाला,
सामना संपला होता,
बाभळीत गेलेला चेंडू काढायला
तो एकटाच आत शिरला होता.

पाचव्यांदा आलाच नाही.

विचारत विचारत अशोक चौकामागच्या बोळात गेलो.
खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.
रात्रपाळीचा माणूस आजारी,
म्हणून याच्या दोन पाळ्या एकदम.
म्हणजे ते चारही सामने
हा न झोपता खेळला होता.
वहीतले सगळे आकडे
मला परत वाचावे लागले.

मोठ्या क्लबांचे करार म्हणे कोटींचे असतात.
आमचा येमूल सावकारांच्या ओट्यावर झाला.
भाव तेलुगूत, शब्द मराठीत,
मध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणी.
पोराला पहाटेची पाळी, दुपारी तीनला सुट्टी.
बदल्यात माझे चार महिन्यांचे रविवार:
त्यांच्या टॉवेलांची तपासणी, फुकट.
कागद केला नाही.

त्याची आई उंबऱ्यात विड्या वळत होती.
सुपातली पानं न मोजता तिला मोजून माहीत होती.
तिनं एवढंच विचारलं,
पाय मोडला तर मागासमोर उभं कोण राहील?
भाच्याच्या तक्त्यात तो रकाना नव्हता.
मी क्लबात जाऊन साडेअठरातले सहा हजार
वेगळे काढायला लावले, डॉक्टरसाठी.
खजिनदार धोत्रे अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

पहिला सामना पार्कवर. एक-शून्य.
गोल केला दुसऱ्यानंच, हारही त्यालाच.
बाहेर पडताना अध्यक्ष म्हणाले,
काय हो, तुमचं ते नवं पोरगं
आज खेळवलं नाही वाटतं?
डावीकडे काही घडलं नाही म्हणता?

मी काही बोललो नाही.
वहीत तारीख घातली,
खाली अध्यक्षांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

रविवारी येमूलांच्या गोदामात
पहिलाच टॉवेल उलटा केला.
काठाशी दोन बोटं बाणा सुटलेला.
पहाटेच्या पाळीचा माल, माग नंबर सहा.
त्याचाच.

सेकंडच्या ढिगात टाकला.